काचेच्या दाराबाहेरच्या चपला

सर,

तुमच्या शोकसभेत मी खोटं बोलले. सरांनी मला घडवलं, असं म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. शनिवार पेठेतल्या त्या सभागृहात तुमच्या तसबिरीला हार घालताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त चपला होत्या. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढून आत जायची शिस्त तुमचीच. आत धूळ गेली तर मशीन बिघडतं म्हणायचात. आधी वहीत सगळ्या पायऱ्या लिहायच्या, तुमची सही घ्यायची, मगच मशीनला हात लावायचा. मी मांजरी गावाहून बस बदलून यायचे, पायांना उसाच्या शेतातली माती असायची, आणि तुम्ही आधी माझ्या पायांकडे बघायचात, मग चेहऱ्याकडे.

त्या दिवशी तास संपला आणि मी भिंतीवरचं बटण बंद केलं. घरी दिवा, पंखा, सगळं असंच बंद व्हायचं. मशीन बंद करायची काही वेगळी रीत असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या एका बटणावर रांगेतली चार मशिनं होती. शेजारच्या तिघांचं काम गेलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तो तुम्हाला कधी चढवावा लागायचाच नाही. "आपण उद्यापासून बाहेर बसा," तुम्ही म्हणालात, "चपलांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं. त्यात बंद पडण्यासारखं काही नाही." सगळे हसले. सत्र संपेपर्यंत मी बाहेर बसले. काचेच्या दारातून पहिल्या रांगेतल्या मुलीचे हात बघायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. परीक्षेत पहिली आले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, बघा, बाहेर बसवल्याचा फायदा झाला. तुम्हाला ते मनापासून वाटत होतं, आणि त्यासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आता मी वाघोलीच्या एका कॉलेजात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिकवते. विषयाला नाव भारदस्त आहे, कामं साधी: ईमेल नीट लिहायचा, फाईल जोडायची, तक्ता करायचा, कंपनीचा अर्ज भरायचा. ही मुलं फोनवर वाटेल ते करतात, पण फाईल कुठे सेव्ह केलीस असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मशिनं कमी, मुलं जास्त, म्हणून उशिरा येईल त्यानं मागे उभं राहायचं, असा माझा नियम आहे. चपला मात्र घालू देते. तेवढ्यावर मी आजवर स्वतःची पाठ थोपटून घेत आले.

गेल्या महिन्यात एका मुलीनं मला बायोडेटा पाठवला. नगरकडच्या खेड्यातली, दोन एसट्या बदलून येणारी, त्यामुळे रोज उशिरा आणि रोज मागे उभी. नोकरी लागली तर पुण्यात राहायचं, नाहीतर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या घरी ठरलेलं होतं. हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. एका कंपनीला प्रशिक्षणार्थी हवे होते, अर्ज त्या दिवशी पाचला बंद होणार होते, आणि मी तपासल्याशिवाय कुणी अर्ज पाठवायचा नाही अशी माझी ताकीद होती. तिनं बायोडेटा मशीनवर टाइप केला होता, चांगला केला होता. पण फाईल जोडण्याऐवजी पडद्याचा मोबाइलनं फोटो काढून तो पाठवला होता. पडद्याच्या काचेत ती स्वतः दिसत होती, दोन्ही हातांनी फोन धरलेली. मी तो फोटो वर्गाच्या भिंतीवर मोठा करून दाखवला. "अर्जदार स्वतः आत हजर आहेत," मी म्हणाले, "वेगळा फोटो लावायची गरज नाही." वर्ग हसला.

ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, फाईल जोडायला शिकवलं त्या दिवशी मी मागं उभी होते. मागनं काय दिसत नाय. आता दाखवता का? पाचाला अजून टाइम हाय."

दोन मिनिटांचं काम होतं, सर. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कंपनीला शिकलेली माणसं हवी आहेत, शिकायची राहिलेली नकोत." आणि पुढचा बायोडेटा उघडला. तिचा अर्ज गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तासाला आली नाही. परवा तिची मैत्रीण सांगत होती, स्थळं बघायला सुरुवात झाली आहे.

हे मी वहीत लिहिते आहे. आधी कागदावर, मग मशीनवर, ही तुमची सवय माझ्या हातातून गेलेली नाही. बसले होते तुमच्यावर राग काढायला. मी बाहेर चपलांपाशी बसलेली असताना तुम्हाला आत कधी वाईट वाटलं का, एवढंच विचारायचं होतं. आता विचारत नाही. वर्ग हसला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, बरं वाटलं होतं. तिचा ईमेलचा पत्ता माझ्याकडे आहे, त्या फोटोतच आहे, बायोडेटाच्या पहिल्या ओळीत. दोन ओळी लिहायच्या त्या तिला, हे मला कळतं. पण मी तुम्हालाच लिहीत बसले, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.