बोटीतून वाचलेल्या अकरा बायका

प्रिय सुमीत,

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी मधेच गप्प होते आणि तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. बायकोपासून तू काही लपवत नाहीस, तरी सायलीला नंतर दाखव, आधी तू एकटा वाच.

आपल्या स्टुडिओत हल्ली पासपोर्टचे फोटो सोडले तर जुने फोटो दुरुस्त करण्याचंच काम येतं. गेल्या महिन्यात इंदूरहून एक गृहस्थ जाडजूड अल्बम घेऊन आले. त्यांच्या मालकांच्या पणजोबांनी सव्वाशे वर्षांपूर्वी कुठल्याशा बेटावर नारळाची लागवड केली, वस्ती वसवली. ते फोटो साफ करून कंपनीच्या नव्या ऑफिसच्या भिंतीसाठी मोठे करायचे होते. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, पण पंधरा दिवस मी त्या किनाऱ्यावरच राहिले म्हण. खडकावर आपटून आडवी झालेली बोट, मोडलेली डोलकाठी, मग तंबू, मग त्याच बोटीच्या फळ्या काढून बांधलेली पहिली घरं.

एका फोटोत पणजोबा घरापुढे छडी घेऊन उभे आहेत आणि मागून बायका डोक्यावर फळ्या घेऊन चालल्या आहेत. खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘बोटीतून वाचलेल्या अकरा बायका’. नाव एकीचंही नाही. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पीछे की ये भीड़ हटा दीजिए. बड़े साहब अकेले अच्छे लगेंगे."

मी कामाला लागले. कंप्युटरवर शेजारची वाळू उचलायची आणि बाईवर पसरायची, एवढंच असतं. सात बायका गेल्या. आठवी मोठी करून पाहिली तर तिच्या कडेवर मूल होतं आणि ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. मी उठले, टावर चौकापर्यंत चक्कर मारून आले, पुन्हा बसले. नाही जमलं. सगळ्याजणींना परत आणलं आणि एकेकीचा चेहरा साफ केला.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा रोज स्टुडिओत येऊन बसतात. ते म्हणाले, "जयू, गिऱ्हाईक सांगेल ते करून द्यावं. आपण कोण?" मी म्हणाले, "हे मी नाही करणार, बाबा." त्यांच्यासमोरच इंदूरला फोन लावला आणि सांगितलं, "ये औरतें नहीं हटेंगी. बाकी जो कहेंगे, कर दूँगी." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ येऊन अल्बम घेऊन गेले. इतकं मोठं काम आपल्याकडे कित्येक वर्षांत आलं नव्हतं. पण मला वाईट वाटलं नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी मला मागच्या खोलीतली पत्र्याची पेटी उघडायला लावली.

सुमीत, आई घर सोडून गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि मी दहाची. तू दुसरीत असताना विचारलंस, ती दिसायची कशी. मी म्हणाले, आठवत नाही. गेल्या दिवाळीत निहारिकाच्या शाळेसाठी आजीचा फोटो मागितलास, तर म्हणाले, एकही नाही. दोन्ही वेळा मी खोटं बोलले. आई गेली त्या आठवड्यात बाबांनी घरातला प्रत्येक फोटो स्टुडिओत आणला, ब्रशनं तिच्या जागी मागचा पडदा रंगवला आणि रंगवलेल्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढला. तुझ्या हॉलमध्ये लावलेला आपला तिघांचा फोटो त्यातलाच आहे. रंग मी कालवून देत होते. सुमीतला यातलं काही सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं, आणि मी पस्तीस वर्षं नाही सांगितलं.

पेटीत मूळ निगेटिव्ह होत्या. बाबांनी त्या फेकल्या नव्हत्या. "ती बुऱ्हाणपूरला शिवणाचा क्लास घेते. दोनदा पत्र आलं होतं, तुमची चौकशी करणारं. मी उत्तर दिलं नाही," एवढंच त्यांनी सांगितलं. त्यांचा चहा, औषधं सगळं वेळेवर देते मी, पण अजून नीट बोलवत नाही त्यांच्याशी.

सोबत एक प्रिंट पाठवतेय. मधे बसलीय ती आई. तिच्या मांडीवर तू आहेस आणि तिचा पदर तुझ्या मुठीत आहे. निहारिकाची हनुवटी कुणावर गेलीय ते आता तुला कळेल. बुऱ्हाणपुरातल्या तिच्या क्लासचा पत्ता मी मिळवलाय आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्टुडिओ बंद ठेवून निघणार आहे. बाबांना विचारलेलं नाही, फक्त सांगितलंय. ती दार उघडेल की नाही, मला ठाऊक नाही. तू माझ्यावर रागावशील, तो राग मला मान्य आहे. पण तुला काय कळावं आणि काय कळू नये, हे आता यापुढे मी ठरवणार नाही. यायचं असेल तर बुधवारपर्यंत उज्जैनला पोच, दोघं मिळून जाऊ. नाही आलास तरी मी जाणार आहे.

चुकले तरी तुझीच,
जयूताई