धुक्यातली जागा

माजरी,
दि. ९ ऑक्टोबर १९८६

प्रिय हरिदास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. पाऊस सरला, पण कोळशाची भुकटी सरत नाही. सकाळी वाळत घातलेलं लुगडं दुपारी काळं. तुझा स्वेटर अजून अर्धाच आहे. विणते आणि उसवते. मन लागत नाही. हसू नकोस.

तुझ्या जपानी गुरुजींना प्रदर्शनासाठी तुझं ते भिंतीवर टांगायचं चित्र परत हवंय, ताबडतोब पाठव, असं लिहिलंस. ते पाठवता येणार नाही. रागावशील, पण आधी पूर्ण वाच.

चित्र आलं त्या दिवशी बाबांनी स्वतः खिळा ठोकून टांगलं. वर शाईचा डोंगर, खाली नदी, पुलावर काठी टेकत चाललेला एवढासा म्हातारा, कोपऱ्यात गुरुजींची उभी अक्षरं आणि मध्ये सगळं कोरं धुकं. ऋतू बदलला की गुंडाळून ठेवा, असं तू कळवलं होतंस. बाबा कुणाचं ऐकतात होय! गुंडाळलं तर तो म्हातारा पूल ओलांडणार कसा, असं मलाच विचारायचे.

उन्हाळ्यात त्यांचा दम वाढला. खाट चित्रासमोर घ्यायला लावली. आपल्या विहारातल्या पंख्यावर, घंटेवर, सतरंजीवरसुद्धा कुणा ना कुणा गेलेल्याचं नाव रंगवलेलं असतं, तुला ठाऊकच आहे. एक दिवस मला जवळ बसवून म्हणाले, "हरिदासनं येवढी जागा काऊन सोडली, समजलं का तुले? माह्या नावासाठी. त्यानंच लिवलं होतं ना, तिकडं दोस्त लोकं एकमेकाच्या चित्रावर लिवतात म्हणून."

मी पुष्कळ समजावलं. धुकं हेही चित्रच आहे, हे तुझं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. पण त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या बिरजूला बोलावलंच. त्याने निळ्या ऑइलपेंटने धुक्याच्या मधोमध लिहिलं, 'कालकथित देवाजी दुर्गे यांच्या स्मरणार्थ'. समोर जिवंत बसलेल्या माणसाला कालकथित, म्हणजे गेलेला, लिहिताना तो सारखा वळून बाबांकडे बघत होता, म्हणून पहिला 'का' वाकडा आलाय. बाबा मात्र खूश. पडल्या पडल्या वाचायचे. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचे. माझ्यामागं हे विहाराला द्या, म्हणायचे. खाली तारखेपुरती जागा त्यांनी मोकळी ठेवायला लावली होती.

मला त्यांचा राग आला आणि तुझाही. बापाला इतकी कोरी जागा पाठवायची असते का रे?

मागच्या पत्रांत मी लिहिलं, बाबा झोपलेत, म्हणून त्यांच्या चार ओळी नाहीत. त्यांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "त्याले कळवजो नोको. शिकनं अर्ध्यात टाकून येईन तो." मी पाळलं. त्यांच्या खाटेजवळ बसूनच तुला ती पत्रं लिहिली. खाट रिकामी होती. आता तू चित्रच मागितलंस, तर मी काय सांगू?

बिरजूने तारीख भरली आहे. सतरा जुलै.

चित्र अजून विहाराला दिलेलं नाही, गुंडाळलेलंही नाही. ते काम तुझं. शिकणं पूर्ण करूनच ये, असं त्यांचं म्हणणं होतं. माझं म्हणणं मी लिहीत नाही.

घरी उरलेली,
कमलाताई