न धुतलेली गोधडी

बाबा,

काल आम्ही घर बदललं. खराडीतच, दोन गल्ल्या सोडून. तुमच्या नातीनं दोन ससे पाळलेत. त्यांना नव्या घरात कसं न्यायचं हे विचारायला ती मला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, पिंजरा धुऊ नका, खालचं जुनं अंथरूण तसंच न्या. ओळखीचा वास गेला की ससा घाबरून खाणं सोडतो, आणि एक दिवसाचा उपाससुद्धा त्याच्या जिवावर बेततो. मी मान डोलावली. मला हे नवीन नव्हतं. दहा वर्षांची असताना तुम्हीच शिकवलं होतंत.

खडकीत आपल्याला मोठं क्वार्टर मिळालं तेव्हाची गोष्ट. जुनं ताब्यात घ्यायला साहेब येणार म्हणून तुम्ही तीन दिवस घासत होता. जन्म दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलेला, जमिनीवर कचऱ्याचा कण दिसला तरी तुमचं डोकं फिरायचं. भिंती झाल्या, मोरी झाली, शेवटी माझ्या दोन सशांचा लाकडी खोका. त्यावर तुम्ही फिनेल ओतलंत आणि आतलं पोतं जाळलंत. असं क्वार्टर कुणी परत केलं नाही, असं साहेब म्हणाले. ते तुम्ही पुढे वीस वर्षं पाहुण्यांना ऐकवलंत.

नव्या क्वार्टरमध्ये पांढरा ससा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. कोथिंबिरीकडे बघेना. मी रडत पोतं मागत होते, आणि तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "भूक लागली की खाईल. नाहीतर साहेबांना विचारू, त्याच्यासाठी जुनं क्वार्टर परत देतात का." तिसऱ्या दिवशी तो मेला. तुम्ही त्याला रद्दीत गुंडाळून नेलंत आणि आल्यावर दोनदा साबणानं हात धुतलेत. आठवड्यात दुसराही गेला.

आई गेल्यावर मी तुम्हाला खराडीला आणलं. तुम्ही एकच वस्तू मागितली होती, आईनं तिच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. तिला खोबरेल तेलाचा आणि तपकिरीचा वास यायचा. टेम्पोवाल्यांनी हरवली, असं मी सांगितलं. नवी गादी, नवी चादर, नवा कप, सगळं कसं लख्ख. लेक असावी तर अशी, असं शेजारणी म्हणायच्या. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. अर्ध्या पोळीवर आलात, मग नुसत्या चहावर. एकदा विचारलंत, नीट बघितलंस ना गं? मी म्हटलं, तीनदा बघितलं.

ह्यांनी हळूच डॉक्टरांचा विषय काढला, तेव्हा मी तुमच्या दारात उभी होते. तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणाले, "भूक लागली की खातील." तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला आठवलं, हे मला दिसलं, आणि खरं सांगते, बरं वाटलं. पुढे डॉक्टरही आले, पण त्यांना काही सापडलं नाही. दोन महिन्यांत तुम्ही गेलात. लोकांना मी सांगते, वय झालं होतं. झालंच होतं म्हणा.

काल सशांचं अंथरूण मीच हातांनी उचलून आणलं. संध्याकाळपर्यंत दोघं कोथिंबीर खायला लागले. आई, तुला यांचं किती कळतं, असं लेक म्हणाली.

बाबा, ते अंथरूण म्हणजे तुमची गोधडी. ती हरवली नव्हती. तुम्ही निजायचात त्याच खोलीच्या माळ्यावर मीच ठेवली होती, अगदी तुमच्या डोक्यावर. तुम्ही गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, लेकीनं सशांसाठी काही मऊ शोधताना ती खाली काढली, आणि मी तिला धुऊ दिली नाही.

हे पत्र मी फाडून टाकीन. तुमचं वाईट वाटतं, अगदीच नाही असं नाही. पण अजूनही आधी त्या पांढऱ्या सशाचंच वाटतं.