बेचाळीस घरांतला एकच माणूस

तीर्थरूप भाऊजी,

वाकून नमस्कार. तुमची पाठ आणि ताईचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो (ताई पत्रात दुखणी लपवते, हे मी ओळखून आहे). पाकिटावरचा पत्ता वाचून दचकू नका. ‘इयत्ता चौथी, तुकडी ब’ हेच सध्या आमचं घर. आमच्या खऱ्या घराला केंद्राच्या तपासणी अधिकाऱ्यांनी सील ठोकलंय आणि मी, ही आणि शिलाई मशीन असे तिघं फळ्याखाली राहतोय.

पुरात पडलेली घरं बांधायला केंद्राने नगरपालिकेला निधी दिला, आणि गल्लीत पहिलं घर झालं ते माझं. नवं छप्पर, हिरवं दार, मोठी खिडकी. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, की मी साधा शिंपी, ना कोणाच्या अध्यात ना मध्यात, मग पहिला नंबर माझाच का? पुढे नगरपालिकेचा ओव्हरसियर आला (त्याला आम्ही टेपसाहेब म्हणतो, गळ्यात टेप असते, मोजताना कोणी पाहिलेलं नाही). म्हणाला, दारात उभे राहा, फोटो काढतो, खाली सही करा. कागद बघतो तर सहीच्या वर तीन ओळी कोऱ्या! मी काय दूधखुळा आहे? फोटोही नाही आणि सहीही नाही, असं ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, “बरं, राहिलं.” इतक्या सहज ‘राहिलं’ म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा काय धरायचा, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या दारात इस्त्रीवाल्या बाई उभ्या, हातात स्वतःच्या नावाची पाटी, समोर फोटोवाला. त्यानंतर सुतार. मग सुताराचे दोन्ही भाऊ, वेगवेगळे. आठवडाभर रीघ लागली. टेपसाहेबाचं म्हणणं असं की, झालेल्या घरांचे फोटो मुदतीत गेले नाहीत तर केंद्र निधी परत घेतं, म्हणून फोटो आधी, घरं मागाहून. लोकांना मात्र ‘हा नमुना आहे’ एवढंच सांगितलेलं. ही प्रत्येकाला पाणी देत होती (का देत होती, ते अजून नीटसं कळलेलं नाही). मी आपला खिडकीच्या पडद्याआडून लक्ष ठेवून होतो, कोणी कडीबिडी काढून नेऊ नये म्हणून. इस्त्रीवाल्या बाईंनी दारावरून हात फिरवत विचारलं, “आमचंही असंच होईल ना हो?” तेव्हा बाहेर येऊन खरं सांगावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण जागचा हललो नाही.

शेवटी केंद्राचे अधिकारी आले. हिने पुढे केलेलं पाणीसुद्धा घेईनात. असा संशयी माणूस बघून मला तर भरूनच आलं. त्यांनी बेचाळीस फोटो मांडले, खिशातून भिंग काढलं आणि विचारलं, “घरं बेचाळीस, मालक बेचाळीस, आणि प्रत्येक खिडकीत हे एकच नाक कोणाचं?”

सगळी गल्ली माझ्या नाकाकडे बघायला लागली.

मी म्हटलं, साहेब, घर माझं. त्यांनी झालेल्या घरांची यादी पाहिली. माझं नाव नाही, फोटो नाही, सही नाही. म्हणजे यादीत कुठेच नाही आणि घरात मात्र बेचाळीस वेळा! त्यांच्या मते या सगळ्यामागचा सूत्रधार मीच. टेपसाहेबाने चटकन मान डोलावली. सोमवारी चौकशी आहे. भाऊजी, मी खरंच घाबरलोय. ते घर गेलं तर या वयात मशीन डोक्यावर घेऊन कुठे फिरू?

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता.क. : मुद्द्याचं राहिलंच. तुम्ही सरकारी नोकरीतले, तुमच्या शब्दाला वजन आहे. एक दाखला पाठवा, की हा इसम जन्मापासून संशयी असून आडून बघणं ही त्याची जुनी खोड आहे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला नोकरी खरोखर आहे का हे बघायला मी आठ दिवस तुमच्या कचेरीसमोर छत्रीआड उभा होतो. आजवर कानावर हात ठेवले, आता लेखी कबूल करतो. दाखल्यात तेही घाला.

ता.क. २ : ती बेचाळीस कुटुंबं याच शाळेत आहेत. सोमवारी सगळे येऊन सांगणार म्हणतात, की घर शिंप्याचंच, आमची अजून बांधलेलीच नाहीत. हे सांगितलं तर त्यांचा निधी परत जाईल, तरी सांगणार! का सांगत असतील? इस्त्रीवाल्या बाईंनी आम्हाला पांघरायला चादर दिली. मी तिची शिवण उसवून आतून-बाहेरून पाहिली. काही सापडलं नाही. कडक इस्त्री तेवढी केलेली होती.