डबीची बाराखडी

प्रिय खारू,

फोनवर तू ‘बाकी काय?’ म्हटलंस की माझ्या तोंडून ‘सगळं ठीक’ आपोआप निघतं, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. बोलताना मी रडले असते आणि तू तिकडे घाबरली असतीस.

आधी चांगली बातमी. बाबा आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. उजवा हात अजून मांडीवर नुसता ठेवलेला असतो, पण चहाचा कप डाव्या हाताने न सांडता धरतात. बोलणं मात्र परत आलेलं नाही. ‘हं’ आणि ‘अगं’ एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चालला आहे. तसे पूर्वी तरी त्यांच्याकडे कुठे फार शब्द होते म्हणा! आयुष्यभर लिफ्टच्या खोलीत मोटारीचा आवाज ऐकायचा आणि घरी येऊन गप्प बसायचं.

तुला त्यांची ती डबी आठवते ना? कंपनीने सगळ्या मेकॅनिकना दिलेली, तळहाताएवढी, काचेवर काडीने लिहायची इलेक्ट्रॉनिक डायरी. कोणत्या इमारतीची लिफ्ट कोणत्या तारखेला तपासायची, हे सगळं तिच्यात. मी तिला सवत म्हणायचे. सेल बदलताना तर घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मिनिटाभरात नवे सेल बसले नाहीत तर ती सगळं विसरते म्हणे. पहिले आठ दिवस त्यांचं डबीशी भांडण होतं, कारण तिला आपली नेहमीची इंग्रजी अक्षरंही कळत नाहीत, तिची वेगळी काढावी लागतात. काडी न उचलता एकेक अक्षर. ‘ए’ला मधली आडवी रेघ नाही, ‘टी’ म्हणजे नुसता वाकडा आकडा. तू तेव्हा तेरा वर्षांची. व्हायोलिनच्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर फाडून तू त्यांना तक्ता काढून दिलास, आणि मास्तरीणबाईंच्या थाटात पहिलं वाक्य गिरवून घेतलंस. इंग्रजी अक्षरांत मराठी: ‘खारूला आण’. दर गुरुवारी, साडेपाच वाजता, व्हायोलिनच्या क्लासमधून, गजरासकट.

एकदा ते डबी घरी विसरून कामावर गेले आणि स्वयंपाकघरात ती केकाटायला लागली. मी पाहिलं, अंदाजाने वाचलं आणि चपला अडकवून धावत सुटले. क्लासच्या दारात पोहोचते तर बाबा जिन्यात उभे, हातात पाने-पक्कड तसेच. आपण तिघं किती हसलो होतो गं! त्यांना त्या दिवशीही डबीची गरज नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

पुढचं मला लिहवत नाही, पण लिहिते. शेवटच्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून तू व्हायोलिन बनवायला शिकायला निघालीस, तेव्हा त्यांनी तुझ्यासमोर खिशातून डबी काढली आणि तुझं नाव, नंबर पुसला. ती बया एकदा विचारते, खरंच पुसू का म्हणून. त्यांनी तेव्हाही हो केलं. तुझा चेहरा मी पाहत होते. मी मध्ये पडले नाही, हे माझं चुकलंच. त्याला चार वर्षं झाली.

पक्षाघाताचा झटका येऊन ते दवाखान्यात बेशुद्ध होते तेव्हा तू दोन दिवस काचेबाहेर उभी राहिलीस आणि ते डोळे उघडायच्या आत निघून गेलीस, तुला पाहून त्यांना त्रास होईल म्हणून. तेव्हापासून दर फोनला तू एकच विचारतेस, ‘त्यांनी माझं काही विचारलं का?’ आणि दर वेळी मी खरं सांगायचं म्हणून ‘नाही’ म्हणत आले.

खारू, ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, पण खोटंच होतं.

घरी येऊन व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना डाव्या हाताने लिहायला वही दिली आहे. ते रोज काहीतरी काढतात: आकडे, गाठी, अर्धवट रेघा. बाई म्हणाल्या, मेंदूतली अक्षरंच गेलीत, पण हात चालू दे. मग मी काय केलं असेल? ती पानं फाडून फाडून कपाटातल्या खणांत अंथरली, ओटा पुसला. दोन महिने! वर गुरुवार आला की संध्याकाळी पाच वाजल्यापासून बुटांकडे बोट दाखवून ‘अगं, अगं’ करायचे. मी म्हणायचे, आज फिरणं झालंय तुमचं, बसा गप. एकदा तर चांगली खेकसले.

काल त्यांचा चष्मा शोधताना खणात डबी सापडली. नवे सेल घातले, तर तिने मला आजची तारीख विचारली. आत काही नाही, सगळं गेलेलं. चामड्याच्या पाकिटात मागे तुझा तक्ता होता, कडा मऊ झालेला. मी सहज वहीच्या पानाशेजारी धरला आणि एकेक अक्षर जुळवत गेले. के, एच, ए, आर, यू. पुढे ‘ला’, पुढे ‘आण’. मग खणांतले कागद काढले. प्रत्येकावर तेच गं, प्रत्येकावर.

ही माफी आहे की जुनी सवय, ते मला सांगता येणार नाही, आणि तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. पण आज सकाळी मी तक्ता पुढ्यात घेऊन त्याच वाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘आणते’, आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बराच वेळ वाचलं. मग माझं ‘टी’ चुकलं होतं ते डाव्या हाताने दुरुस्त केलं, आणि वहीवर हात ठेवून रडले.

तू म्हणाली होतीस, बोलावलं तर येईन. त्यांनी बोलावलंय, माझ्याच निरोपाला उशीर झाला. येत्या गुरुवारी साडेपाचला इथे पोहोचणाऱ्या बसने ये आणि थांब्यावर उतरलीस की तिथेच थांब, एकटी घराकडे निघू नकोस. थांबा दुकानाच्या पुढे दहाच पावलं आहे, तेवढं ते चालतील. बूट मी त्यांना पाच वाजताच घालून ठेवते.

तुझीच,
उशिरा वाचायला शिकलेली
आई