तीन बाजूंनी पाणी

१२ ऑक्टोबर १९४४, लोहारा
प्लॅन पक्का. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात, समुद्रात घुसलेल्या त्या टोकावर जायचं. शाळेत इतकी वर्षं द्वीपकल्प शिकवतो, पाहिलं एकही नाही. कासवं, समुद्रगरुड, डॉल्फिन बघायचे आणि वर्णन हैदराबादच्या मासिकाला धाडायचं. बायको शिवकांता चैत्रात गेली. त्याचा या टूरशी संबंध नाही. "पाणी कधीच आटत न्हाय असं गाव असतंय का?" असं ती विचारायची, तो विषय वेगळा.

१३ ऑक्टोबर
थोरली बहीण शांताक्का म्हणते, एकदा रडून घे. मला रडू येत नाही. प्रकृती ठणठणीत असल्याचं लक्षण. वाटेसाठी तिनं शिवकांताची कळशी भरून ठेवली होती, मी नको म्हणालो. तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागी भूगोलाच्या मास्तरानं घरून पाणी न्यायचं म्हणजे हसंच.

१७ ऑक्टोबर, टोकावर
पोचलो. समुद्र आहे. मोठा आहे.
देवळाच्या पुजाऱ्यांकडे उतरलो, मासळीचा वास नको म्हणून. लिंगपूजेला पाणी मागितलं. पुजारीणबाई म्हणाल्या, घरातलं संपलं, गोडं पाणी कड्याखालच्या झऱ्यावर, आता उद्याच. खारं पाणी गळ्यातल्या इष्टलिंगाला कसं घालायचं? आणि पूजेशिवाय जेवायचं नाही. उपास पोटाला चांगलाच.

१८ ऑक्टोबर, दुपार
सकाळचा प्रोग्राम डॉल्फिनचा होता. बाईंबरोबर झऱ्यावर गेलो. डोक्यावर घागर जन्मात पहिल्यांदा. चढावर निम्मं पाणी अंगावर सांडलं. मागं डॉल्फिन उड्या मारत होते म्हणे. मान वळवता आली नाही.
पूजा झाली, जेवलो. काहीच वाटलं नाही. बरंच आहे.

१९ ऑक्टोबर
पुन्हा झरा. कासवं राहिली. गरुडाची सावली अंगावरून गेली, गरुड पाहिला असं धरतो.

२३ ऑक्टोबर, लोहारा
मासिकासाठी लिहायला बसलो. 'इथे पाणी फार लांबून आणतात.' पुढं सुचेना.
अक्कानं विचारलं, काय बघितलंस. तेच सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ते बघाया एवढ्या लांब कशाला गेलास? शिवकांता रोज तेच करत होती की, तुझ्या म्होरं."
कळशी कोपऱ्यात आहे. संकल्प: उद्यापासून विहिरीवर मी जाणार.

२४ ऑक्टोबर
जाग उशिरा आली. पूजा खोळंबली होती. अक्का पाणी घेऊन येईपर्यंत बसून राहिलो.