प्रमुख पाहुणा नितेश, दुसरा कोणी न मिळाल्यास

चि. सौ. वनमाला हिस बोरिवलीहून अण्णाचे अनेक आशीर्वाद. देवगडात तुझा गुडघा कसा आहे? माझी शुगर सध्या समजूतदारपणे वागते आहे.

आज पहाटे कानात आपल्या शाळेतला तो आवाज आला: चौथीचा अख्खा वर्ग हेल काढून कविता म्हणतोय आणि कौलांवरची कबुतरं भर्रकन उडताहेत. काय दिवस होते, वनू. कविता म्हणताना डोळ्यांसमोर हिरवं शेत यायचं. (ते खिडकीतूनही दिसायचं, पण ते वेगळं.) आणि अशा कवितावेड्या घरात तुझा नितेश जन्मला. दोन ओळी पाठ होईनात, म्हणून चेंडूला लाथा मारत सुटला, आणि लोक त्याला त्याचा पगार देतात.

विषय असा की माझ्या कवितापाठ स्पर्धेला गेल्या वर्षी तीन मुलं आली, त्यातलं एक चुकून. सोसायटीचे सेक्रेटरी अंबादास म्हणाले, "अण्णा, यंदा नावं आली नाहीत तर हॉल झुंबावाल्यांना. पाहुणा तगडा आणा ना." म्हणून गोरेगावला मालिकेतल्या एका सासूकडे गेलो. तिला गाडी हवी आणि कविता नको. मग मिसळ खाऊन रील करणारा एक जण गाठला. तो मिसळ कोण देणार एवढंच विचारत राहिला. शेवटी अंबादास म्हणाले, "तुमचा भाचा फुटबॉलवाला आहे ना?" मी म्हटलं, "आहे, पण त्याला ओळखतं कोण?"

खोटं बोललो का सांग. नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल, चार क्लब आणि गोल एकच, तोही स्वतःच्या जाळ्यात. (तो मात्र लाखो लोकांनी पाहिला.) लोक गोल करून मोठे होतात, हा दुसऱ्यांचे अडवून. सध्या केरळच्या क्लबात आहे, तिथे म्हणे त्याला पाहून रिक्षा थांबतात. बोरिवलीत त्या कुणासाठीच थांबत नाहीत, तिथे याची काय कथा. गणपतीत आला तेव्हा वॉचमनने विचारलं, "डिलिव्हरी कुठल्या मजल्याची?" तर हा हसून "चौथ्या" म्हणाला आणि वर आला. अरे, अपमान तरी नीट करून घे. रविवारी टर्फवर क्रिकेट खेळणाऱ्या पोट सुटलेल्या ब्रोकरचा वाढदिवसाचा फलक चौकात लागतो, याचा फोटो फक्त तुझ्या फ्रिजवर. अशा माणसाच्या हातून कवितेचं बक्षीस देणं मला या जन्मी जमायचं नाही. आधीच कळवतो, म्हणजे तू गळ घालणार नाहीस.

तुझा,
अण्णा

ता. क. नितेशला येत्या रविवारी संध्याकाळी सुट्टी आहे का? सहज विचारतो. असल्यास सदरा इस्त्रीचा घालायला सांग. मीच फोन केला तर त्याच्या डोक्यात हवा जाईल.

आणखी ता. क. त्याचं नाव मी कालच नोटीस बोर्डावर लावलंय, फोटोसकट. स्पर्धेला अजून एकही नाव आलेलं नाही. हॉल गेला तर माझ्या वर्षात काही उरत नाही, वनू.

बेल वाजली. थांब.

तिसऱ्या मजल्यावरचे कुरियन आलेत. सात वर्षांत जिन्यात मान हलवण्यापलीकडे न गेलेला माणूस. मागे बायको, तिच्यामागे सासू. तिघांच्या हातात कागद, त्यावर मराठी कविता मल्याळी अक्षरांत उतरवून घेतलेली. विचारतात, मोठ्यांचा गट आहे का, आणि नितेश खरंच येणार ना. मी दोन्हीला हो म्हटलंय. यातलं पहिलं तेवढं माझ्या हातात आहे.